अक्काच्या दारावरचा हात

माझ्या काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या वर्षश्राद्धाला मी गेले नव्हते, आणि भिंतीवरच्या त्यांच्या फोटोसमोर मी कधी हात जोडत नाही. घरातली पोरं कारण विचारतात तेव्हा मी त्यांना कॉफी करायला पिटाळते. पण आता लिहायला बसलेच आहे, तर लिहून टाकते.

आम्ही येलहंक्याच्या जुन्या गावात राहायचो. आमचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले, एवढंच आम्हाला ठाऊक. घरात मराठी, अंगणात अर्धी मराठी अर्धी कन्नड, आणि दारापलीकडे कन्नड. चिक्कपेठेत कापडाचं दुकान होतं. अण्णा, म्हणजे आमचे वडील, आणि काका मिळून ते चालवायचे. अण्णा गेल्यावर काका एकटे पडले. घर एकच होतं, मधे अंगण. अंगणाच्या या बाजूला आई, मी आणि थोरली बहीण. त्या बाजूला काका, काकू आणि त्यांची मुलगी. नळ अंगणात एकच, त्यामुळे एकमेकींचं तोंड न बघता दिवस काढायची सोय नव्हती.

अक्का, माझी थोरली बहीण, नर्स होती. अण्णांच्या मागे घर चालावं म्हणून ती आखातात नोकरीला गेली. तिथल्या एका मोठ्या घरातल्या अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची ती देखभाल करायची. मग तिकडे युद्ध पेटलं आणि हजारो लोकांबरोबर अक्काही परत आली, एका बॅगेनिशी. त्या बॅगेत टॉवेलमध्ये गुंडाळलेला एक पितळी हात होता.

माझ्या तळव्याएवढा असेल. मधली तीन बोटं सरळ, कडेची दोन बाहेर वळलेली, आणि तळव्याच्या मध्यभागी निळ्या काचेचा डोळा.

"म्हातारीच्या उशाशी असायचा," अक्का म्हणाली. "मी निघाले तेव्हा तिनं काढून माझ्या हातात दिला. म्हणाली, वाटेत कुणाची नजर लागायला नको."

"कुठल्या देवाचा गं?" आईनं विचारलं.

"कुठल्याच नाही म्हणे. त्यांच्यातले म्हणतात आमचा, ज्यू म्हणतात आमचा. म्हातारी म्हणायची, दोघांच्याही आधीपासून आहे तो."

आईनं तो उलटासुलटा करून पाहिला. "आपण लग्नात दाराशी हळदीचा हात उमटवतो, त्यातलंच हे. लाव दाराला."

अक्कानं आमच्या बाजूच्या दारावर, चौकटीच्या वरच्या फळीला तो ठोकला. त्या दिवसांत गावात एक भूत फिरतंय अशी आवई उठली होती. ते रात्री ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाक मारतं आणि दार उघडलं की माणूस मरतो, असं लोक म्हणायचे. म्हणून घरोघर दारावर खडूनं 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये', असं लिहिलेलं असायचं. आमच्या दारावर खडू नव्हता, हात होता. बघायला माणसं थांबू लागली.

मग ज्यानं त्यानं आपापला अर्थ लावला. निवडणूक जवळ आली होती आणि एका पक्षाची निशाणी हातच होती. त्यांच्या पोरांनी आम्हाला आपलंच समजून आमच्या भिंतीला पोस्टर चिकटवलं. दुसऱ्या पक्षाच्या लोकांनी तक्रार केली. एक पोलीस आला, त्यानं हाताकडे बराच वेळ पाहिलं आणि आईला म्हणाला, "अम्मा, मतदान होईपर्यंत यावर फडकं बांधा." आईनं बांधलं. तेवढे दिवस आमच्या दारावर फडक्यात बांधलेलं गाठोडं लटकत होतं. गल्लीत बांगड्या विकायला येणाऱ्या म्हाताऱ्या मुसलमान बाबांना लोकांनी विचारलं, हा तुमचा पंजा ना? ते म्हणाले, "आमचा पंजा मोहरमला काठीवर निघतो. हा वेगळा. माझ्या आजीच्या गळ्यात असला एक होता, पण आमच्यातल्या काहींना ते आवडत नाही." लोकांनी यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं आणि अक्कानं धर्म बदलला असं ठरवून टाकलं.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेलं. अक्काही हसायची. तिला इथल्याच एका नर्सिंग होममध्ये नोकरी लागली होती, आणि त्याच उन्हाळ्यात तिला एक स्थळ आलं. मुलगा बँकेत, घर बसवनगुडीत, आमच्यासारखंच जुनं मराठी घराणं. तो दोनदा घरी येऊन गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा अक्काशी अंगणात उभा राहून बोलत होता, आणि अक्का सारखी पदर नीट करत होती. तिला तसं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

हे स्थळ काकूंनी आधी आपल्या भाचीसाठी बघितलं होतं आणि तिकडून नकार आला होता. आम्हाला ते ठाऊक होतं, पण त्यात एवढं काय, असं वाटायचं.

सुपारी फोडायचा दिवस ठरला आणि त्याच्या आधी मुलाची आई एकटीच आमच्याकडे आली. आई आणि अक्का दाराशी गेल्या, पण ती बसली नाही. दाराशी उभी राहून तिनं वर त्या हाताकडे पाहिलं आणि आईला म्हणाली, "आम्हाला नाही जमणार. कारण विचारू नका. तुमच्या घरातल्याच माणसानं सांगितलं म्हणून बरं झालं." आणि ती गेली.

कारण आम्हाला काकूंच्या मुलीकडून कळलं. ती तेव्हा शाळेत होती. अंगणात दोरीवरच्या उड्या मारता मारता तिनं मला सहज विचारलं, "ताई, अक्काचा नवरा मरणार आहे का गं?"

मी तिला जवळ बसवलं. ती म्हणाली, "अम्मानं त्या बसवनगुडीच्या आजींना सांगितलं. मी होते ना बरोबर. तो मास्तीच्या दगडावरचा हात आहे म्हणाली. अक्काच्या पत्रिकेत आहे तसं, म्हणून तो दारावर बांधलाय."

आमच्या गावात देवळामागे एक जुना दगड आहे. त्यावर खांद्यापासून वर उचललेला एक हात कोरलाय, कोपरापर्यंत बांगड्या. नवऱ्याबरोबर जळालेल्या कुणा बाईचा तो दगड. त्याला मास्तीचा दगड म्हणतात. बायका त्याला हळदकुंकू लावतात, काकूही लावायच्या. त्या हाताचा आणि अक्कानं आणलेल्या हाताचा काडीचा संबंध नव्हता, आणि हे काकूंना आमच्याइतकंच ठाऊक होतं. अक्कानं त्यांना सगळं सांगितलं होतं, त्यांच्याच ओसरीवर बसून. गल्लीतल्या लोकांचा गैरसमज झाला होता. काकूंचा झाला नव्हता. मुलाच्या आईला कशाची भीती वाटेल याचा विचार करून त्यांनी तो अर्थ शोधला होता.

मी अंगण ओलांडून गेले आणि काकूंना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी कशाला सांगू? लोकांना डोळे आहेत. नाही नाही ते दाराला टांगायचं आणि मग आमच्यावर ढकलायचं."

काका तिथंच बसले होते. त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

अक्का दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेली. मी मात्र त्या हातासमोर उभी राहिले आणि मनापासून मागणं मागितलं. काकूंची जीभ झडू दे, असंच म्हणाले. मला वाटायचं, तो डोळा त्यासाठीच आहे, शत्रूला हेरायला. अक्का मागे येऊन कधी उभी राहिली ते कळलं नाही.

"तो हात असलं करत नाही," ती म्हणाली. "येणारं अडवतो. कुणाला मारत नाही."

"मग याचा काय उपयोग? अडवलं का त्यानं?"

तिनं पदराच्या टोकानं त्या निळ्या डोळ्यावरची धूळ पुसली.

पुढच्या आठवड्यात मी पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या माझ्या ऑफिसातून घरी आले तर दारावर हात नव्हता. लाकडाला खिळ्यांची दोन भोकं होती आणि खाली भुसा पडला होता. आई औषध आणायला गेली होती, तेवढ्यात काकूंनी हातोडीनं तो उपटला होता. त्यांनी ते लपवलंही नाही.

"तळ्यात विसर्जन केलं," त्या म्हणाल्या. "घराच्या भल्यासाठी. तुम्हाला कुणालाच सुचत नव्हतं."

विसर्जन हाच शब्द वापरला त्यांनी. मी साडी खोचून येलहंक्याच्या तळ्यात उतरले. काठाच्या चिखलात हात घालून घालून शोधलं. म्हशी धुणारा एक माणूस बघत होता, त्यानं मला विचारलं, "काय हरवलं अक्का?" मला सांगता येईना. हात सापडला नाही. त्या चिखलात उभी असताना मी ठरवलं की हे मी विसरणार नाही. माणसं असं ठरवतात आणि पुढे विसरतात. मी विसरले नाही.

सुरुवातीला माझा सूड अगदीच किरकोळ होता. काकू नळावर यायच्या वेळेला मी बादल्यांची रांग लावायची. त्यांचे पापड गच्चीवर वाळत असले आणि आभाळ भरून आलं तर मी खिडकीतून बघत बसायची, हाक मारायची नाही. त्यांच्या माहेरची माणसं आली की मी त्यांच्यादेखत काकूंना 'तुम्ही' ऐवजी 'आपण' म्हणायची, इतक्या गार आवाजात की त्या माणसांना चहा घशाखाली उतरायचा नाही. यातून मला काही मिळत होतं असं नाही. अक्कासाठी नंतर एकदोन स्थळं आली, पण तोवर मास्तीच्या हाताची गोष्ट सगळ्या नात्यागोत्यात पोचली होती. ती स्थळं परस्परच वळली. मग यायची बंद झाली. बसवनगुडीच्या त्या घरानं तर नकार दिला त्याच वर्षी दुसरी सून आणली.

अशी दहा-बारा वर्षं गेली. आई गेली. काकूंची मुलगी मोठी झाली, कॉम्प्युटर शिकली, आणि तिनं आपल्याच ऑफिसातला एक मुलगा पसंत केला. तो पुण्याचा. त्याच्या आईवडिलांनी सर्जापूर रोडला नवा फ्लॅट घेतला होता. तेव्हा तिथं फ्लॅट कमी आणि शेतंच जास्त होती. काकू त्या स्थळावर अशा खूष होत्या की नळावर माझ्याशीसुद्धा बोलायच्या.

साखरपुड्याच्या थोडं आधी ती मुलगी आमच्या बाजूला आली. तिच्यावर माझा राग कधीच नव्हता. ती हसत म्हणाली, "ताई, सासूबाई मला काय देणारेत माहितेय? हाताचं पेंडंट. सोन्याचं. मधे निळा खडा. माझी नणंद बाहेरून घेऊन आली, सध्या खूप फॅशन आहे त्याची. अम्माला सांगू नकोस, सरप्राइज आहे."

तिला दोरीच्या उड्या आठवत नव्हत्या. मी "सरी, नाही सांगत" म्हटलं आणि तिला लाडू दिला.

त्या दुपारी मी बराच विचार केला. पहिला विचार आला तो सरळ होता: सर्जापूर रोडला जायचं आणि काकूंनी जे केलं तेच करायचं. मुलाच्या आईसमोर बसायचं आणि सांगायचं की मुलीच्या पत्रिकेत असं असं आहे. पण पुण्याची ती बाई असल्या गोष्टींना हसली असती. आणि समजा लग्न मोडलंच असतं, तर लोक काकूंना जवळ घेऊन त्यांचे डोळे पुसायला धावले असते. मला ते नको होतं. शिवाय ती पोर भरडली गेली असती. मला काकू हव्या होत्या, फक्त काकू. आणि त्यांच्याच तोंडून हवं होतं.

आमंत्रणं करायला घरात बाई कमी होती, म्हणून बसवनगुडी आणि मल्लेश्वरमकडची घरं काकूंनी माझ्याकडे दिली. बसवनगुडीचं ते घर त्यांनी अर्थातच सांगितलं नव्हतं. मी गेले. अक्काला नकार देऊन गेलेल्या त्या बाईनंच दार उघडलं, ओळखलं, आणि तिचा चेहरा पडला. मी कुंकू लावलं आणि म्हटलं, "काकूंनी आवर्जून बोलावलंय. नक्की या." ती येईल की नाही अशी शंका होती. पण नाही म्हणायची तिची छाती झाली नाही.

साखरपुडा मल्लेश्वरममधल्या एका लहानशा हॉलमध्ये झाला. अक्का यायला तयार नव्हती, मी तिला जवळजवळ ओढत आणलं. काय होणार आहे ते सांगितलं नाही. तिला पुढून दुसऱ्या रांगेत बसवलं. बसवनगुडीच्या बाई मागे भिंतीशी बसल्या होत्या. काकूंनी त्यांना पाहिलं तेव्हा पाटावरचे विडे दोनदा मोजल्यासारखं केलं आणि मान फिरवली.

अंगठ्या झाल्या. मग मुलाच्या आईनं एक डबी उघडली आणि सुनेच्या गळ्यात साखळी घातली. सोन्याचा हात, मधे निळा खडा. पुढच्या रांगेतल्या आमच्या बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. ती मागे मागे पसरत गेली. सगळ्यांना ती गोष्ट पाठ होती.

मुलाच्या आईच्या लक्षात आलं. "काय झालं? आवडलं नाही का? अहो, हे खूप शुभ असतं. प्रोटेक्शनसाठी असतं."

काकूंचा चेहरा पांढरा पडला होता. मी उठले.

"काकूंना या हाताची सगळी माहिती आहे," मी म्हणाले. "आमच्या अक्काच्या दारावर असाच होता. काकू, तो कशासाठी असतो ते तुम्हीच सगळ्यांना सांगितलं होतं. आत्ता यांनाही सांगा."

हॉलमध्ये पंख्यांचा आवाज येत होता. मुलाची आई काकूंकडे बघत होती, खऱ्या उत्सुकतेनं. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"चांगला असतो," काकू म्हणाल्या.

"मागे ऐकू गेलं नाही," मी म्हणाले.

"चांगला असतो. रक्षण करतो. शुभ असतो."

"आणि मास्तीचा?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मी अजून विसरलेले नाही, आणि मला ते आठवायला आवडतं. "मास्तीचा त्याच्याशी काही संबंध नाही," त्या म्हणाल्या.

"अक्का इथंच बसलीय. तिला सांगा."

त्यांनी अक्काकडे तोंड वळवलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. सगळ्यांनी ऐकलं. मागे भिंतीशी बसलेल्या बाईंनी ऐकलं; मी वळून खात्री करून घेतली. काका पानसुपारीच्या तबकाकडे बघत होते.

मग सगळे अक्काकडे बघू लागले. ती उठली, काकूंच्या शेजारून गेली, आणि नवऱ्यामुलीच्या मागे उभी राहिली. "साखळीचा चाप नीट लागला नाहीये," ती म्हणाली. तिनं तो लावला आणि मुलीच्या पाठीवरून हात फिरवला. परत येऊन जागेवर बसली. गुरुजींनी पुढचं सुरू केलं.

रिक्षात आम्ही दोघीच होतो. अक्का बाहेर बघत होती. मला वाटलं, रागावली असेल. चारचौघांत तिचा विषय काढला म्हणून. येलहंक्याकडे वळल्यावर ती म्हणाली, "स्वल्प लवकर थांबलीस."

"म्हणजे?"

"हातोडीचं पण विचारायचं होतंस. तळ्यात टाकला ते."

मी तिच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं मला वाटत होतं की ही आग माझ्या एकटीचीच आहे.

लग्न व्यवस्थित पार पडलं. ती मुलगी आणि तिचा नवरा पुढे परदेशी गेले, सुखात आहेत. काकूंनी मात्र त्यानंतर आमच्याशी बोलणं टाकलं. पावसाळ्याआधी त्यांनी अंगणात मधोमध भिंत घालून घेतली आणि पलीकडे स्वतंत्र नळ बसवला. शेवटी शेवटी त्या पडल्या आणि त्यांचं कमरेचं हाड मोडलं तेव्हा काका भिंतीला वळसा घालून अक्काकडे आले. घरातच नर्स आहे तर, असं काहीतरी म्हणाले. अक्कानं त्यांना एका चांगल्या बाईचा पत्ता दिला. स्वतः गेली नाही. मी तिला जा म्हटलं नाही, कुणी तिला जा म्हणावं असंही मला वाटलं नाही.

पण ते पुढचं. साखरपुड्यानंतर काही दिवसांनीच, एका रविवारी, बसवनगुडीच्या त्या बाई आमच्याकडे आल्या. पहिल्यांदा आल्या होत्या तशाच एकट्या. या वेळी बसल्या. अक्कानं कॉफी आणून ठेवली.

"मला तेव्हा जे सांगितलं गेलं, ते मी खरं धरलं," त्या म्हणाल्या. "आईच्या मनाला भीती वाटते गं. तू समजून घे."

"तुम्ही मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं," अक्का म्हणाली. "मी दारातच उभी होते. तुम्ही वर बघितलंत, माझ्याकडे बघितलं नाहीत."

बाईंनी आपल्या मुलाविषयी काही सांगायला सुरुवात केली. तो कसा आहे, कुठं बदली झाली. अक्कानं हात वर करून त्यांना थांबवलं. "ते नको," ती म्हणाली. "मला आता ड्यूटीला जायचंय."

त्या गेल्या तेव्हा कॉफी तशीच होती, वर साय धरलेली. अक्कानं ती मोरीत ओतली, पेला विसळला, साडीला पिना लावल्या आणि बस पकडायला निघाली.